रोगकारक ते रोगहारक : कर्करोगोपचारातील परिवर्तित विषाणू

'व्हायरस' या शब्दाला पर्याय म्हणून 'विषाणू' हा शब्द मराठीत रूढ झाला. लॅटिन भाषेत 'व्हायरस' या शब्दाचा एक अर्थ विष असाच आहे. म्हणजे मूळ शब्दातील विष मराठी पर्यायातही उतरले. 'कर्करोग' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी काही गाठी व त्यांच्याभोवतीच्या फुगलेल्या शिरा पाहून त्यांना खेकड्याचे नाव दिले, असे परंपरेने सांगितले जाते. तो खेकडा मराठीत 'कर्क' या रूपाने आला. एक शब्द विषाचा, दुसरा नांग्यांचा. दोन्ही शब्दांच्या उच्चारानेच मनात भय उभे राहते. असे असता या विषाने त्या नांग्या सैल करता येतील काय, असा प्रश्न गेल्या शतकभरात वैद्यकाने विचारला आणि त्याचे अंशतः होकारार्थी उत्तरही मिळवले. हे उत्तर नेमके कोणते, ते कितपत पूर्ण आहे आणि ते मराठीत कसे सांगितले जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगाच्या बीजानेच रोगाला आवर घालण्याची कल्पना मराठी भाषकांना नवी नाही. 'काट्याने काटा काढावा' हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गायीच्या देवीचा उपयोग करून माणसाला देवीपासून संरक्षण देता येते, हे दाखवले. पुढे 'देवी टोचणे', 'देवी काढणे' हे शब्दप्रयोग घरोघरी रुळले. मात्र येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. लस ही रोग होण्यापूर्वी दिली जाते आणि ती शरीराला भावी शत्रूची ओळख करून देते. प्रस्तुत उपचारपद्धतीत रोग आधीच झालेला असतो, शत्रू शरीरातच वावरत असतो; पण शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखत नाही. विषाणूने करावयाचे मुख्य कार्य ही ओळख पटवण्याचे आहे.

योगायोगाच्या नोंदी

या विद्येचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णशय्येपाशी झाला. १९०४ साली अमेरिकी वैद्य जॉर्ज डॉक यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीची हकीकत नोंदवली. तिला इन्फ्लुएन्झासारखा ज्वर आला आणि त्यानंतर तिच्या रक्तातील वाढलेल्या श्वेतपेशी काही काळ लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा पुरते उलगडलेले नव्हते. त्यापूर्वी १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या गाठीत हेतुपुरस्सर जीवाणू टोचण्यास प्रारंभ केला होता. जीवाणू आणि विषाणू ही भिन्न कुळे. परंतु संसर्गामुळे शरीरात उठणारे वादळ कर्करोगालाही हादरवू शकते, हे सूत्र दोन्ही नोंदींत समान आहे. १९७१ साली युगांडातून आलेली एक नोंद विशेष प्रसिद्ध आहे. बर्किट लिम्फोमा या कर्करोगाने ग्रासलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाला गोवर झाला आणि गोवराबरोबरच त्याच्या डोळ्याजवळची गाठ विरत गेली.

अशा घटना विरळ होत्या, शिवाय लाभ बहुधा अल्पकाळ टिके. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर या निरीक्षणांना प्रयोगाचे रूप आले. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३० रुग्ण स्त्रियांना ॲडिनोव्हायरस दिल्याचे प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठीतील पेशी मृत झाल्याचे दिसले, परंतु त्यामुळे आयुष्य लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. १९७४ मध्ये जपानमध्ये आसादा यांनी ९० रुग्णांवर गालगुंडाच्या विषाणूचा प्रयोग केला. विषाणू निसर्गात जसा होता तसाच वापरला जात असल्याने, तो सौम्य असेल तर शरीर त्याला लगेच नष्ट करी आणि उग्र असेल तर तो रुग्णालाच धोक्यात आणी. या पेचातून सुटण्याचा मार्ग त्या काळी उपलब्ध नव्हता.

या इतिहासाचे एक काळे पानही आहे. न्यूयॉर्कमधील चेस्टर साउदम यांनी १९५०च्या दशकात प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवर वेस्ट नाइलसारख्या विषाणूंचे प्रयोग केले होते. याच साउदम यांनी १९६३ साली ब्रुकलिनमधील एका रुग्णालयातील २२ रुग्णांच्या शरीरात जिवंत कर्करोगपेशी टोचल्या. प्रतिकारशक्तीचा अभ्यास हा हेतू होता; पण आपल्या शरीरात काय टोचले जात आहे, हे त्या रुग्णांना सांगितले गेले नव्हते. या प्रकरणावरून मोठे वादंग माजले आणि रुग्णाची माहितीपूर्वक संमती हा विषय वैद्यकीय नीतीच्या केंद्रस्थानी येण्यास ते एक कारण ठरले. विषाणूपचाराची चर्चा करताना या घटनेचे विस्मरण होऊ देणे योग्य नाही.

कर्करोगपेशीची दुर्बलता

विषाणू स्वतंत्रपणे जगू शकत नाही. तो पेशीत शिरतो, तिची यंत्रणा ताब्यात घेतो, तिच्याकडून स्वतःच्या असंख्य प्रती तयार करवून घेतो आणि बहुधा तिला फोडून बाहेर पडतो. निरोगी पेशीजवळ याविरुद्ध उपाय असतात. विषाणू शिरल्याचे जाणवताच ती इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते आणि स्वतःची प्रथिननिर्मिती थांबवते. ज्या घरात चोर शिरला त्या घराने आपली चूल विझवावी आणि शेजाऱ्यांना हाक द्यावी, तसा हा प्रकार असतो. अन्न शिजत नाही, तेव्हा चोरालाही काही मिळत नाही.

कर्करोगपेशीने मात्र अनिर्बंध वाढीसाठी यांपैकी अनेक बंधने आधीच तोडलेली असतात. तिला प्रथिननिर्मिती थांबवणे परवडत नाही, आणि इंटरफेरॉनच्या संकेतांकडे ती पुष्कळदा दुर्लक्ष करते. तिच्या बेबंद वाढीचे हे साधनच विषाणूच्या दृष्टीने उघडे दार ठरते. निरोगी पेशीत वाढू न शकणारा दुर्बल विषाणूही कर्करोगपेशीत जोमाने वाढू शकतो. संपूर्ण उपचारपद्धतीचा पाया या एका विषमतेवर उभा आहे.

विषाणूवरील जनुकीय संस्कार

या विषमतेचा हेतुपूर्वक उपयोग करणे जनुकीय अभियांत्रिकीमुळे शक्य झाले. १९९१ साली रॉबर्ट मार्टुझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूतील एक जनुक निष्क्रिय करून, असा विषाणू उंदरांतील मेंदूच्या गाठीवर परिणामकारक ठरतो, हे दाखवले. विषाणू केवळ वापरावयाचा नाही, तर घडवावयाचा, ही दृष्टी येथून स्थिरावली.

या घडणीचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे टॅलिमोजीन लाहरपॅरेपव्हेक, संक्षेपाने टी-व्हेक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २७ ऑक्टोबर २०१५ रोजी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता दिली. त्याचे मूळ आहे हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ हा विषाणू. तापात ओठांवर उठणारे फोड याच विषाणूमुळे येतात. मराठीत जिला नागीण म्हणतात ती याच कुळातील दुसऱ्या विषाणूमुळे होते. दोहोंची गल्लत होऊ नये.

या विषाणूवर मुख्यतः तीन संस्कार केलेले आहेत. पहिला असा की, निरोगी पेशीने विझवलेली चूल पुन्हा पेटवण्याचे सामर्थ्य विषाणूला ज्या जनुकामुळे लाभते, ते आयसीपी ३४.५ हे जनुक काढून टाकले आहे. परिणामी निरोगी पेशीत त्याची वाढ खुंटते. कर्करोगपेशीत मात्र चूल विझलेलीच नसल्यामुळे त्याला या जनुकाची उणीव भासत नाही. दुसरा संस्कार आयसीपी ४७ या जनुकाचा आहे. पेशीच्या आत काय चालले आहे याचे नमुने पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडत असते आणि प्रतिकार यंत्रणेतील टी-पेशी ते तपासत फिरत असतात. आयसीपी ४७ ही मांडणी रोखून विषाणूला लपवते. ते काढून टाकल्याने पडदा दूर होतो आणि बाधित पेशी टी-पेशींच्या नजरेस पडते. तिसरा संस्कार भर घालण्याचा आहे. जीएम-सीएसएफ या मानवी प्रथिनाचे जनुक विषाणूत बसवलेले आहे. बाधित पेशी हे प्रथिन निर्माण करते आणि त्याच्या प्रभावाने प्रतिजन टिपून टी-पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशी तेथे गोळा होतात.

एक उपकारक जनुक मात्र जाणीवपूर्वक शाबूत ठेवलेले आहे. त्याच्यामुळे हा विषाणू असायक्लोव्हिर या नेहमीच्या औषधाला दाद देतो. विषाणू आवरेनासा झाल्यास त्याला थोपवण्याचा उपाय हाताशी असावा, हा त्यामागचा विचार आहे.

ओळख पटवण्याची प्रक्रिया

प्रारंभी संशोधकांची कल्पना अशी होती की, विषाणू एकेक पेशी फोडत जाईल आणि गाठ नाहीशी होईल. प्रत्यक्षात केवळ फोडण्याने गाठ क्वचितच संपते, कारण शरीर विषाणूलाही मारत असते. या पद्धतीचे खरे बळ पेशी फुटल्यानंतर जे घडते त्यात आहे, हे हळूहळू ध्यानात आले.

कर्करोगपेशी निमूटपणे मरते तेव्हा प्रतिकार यंत्रणेला तिची दखल घेण्याचे कारण नसते. विषाणूमुळे ती फुटते तेव्हा तिच्यातील प्रथिने सभोवार विखुरतात आणि त्यांच्याबरोबर विषाणूच्या उपस्थितीचे संकटसूचक संकेतही असतात. डेंड्रिटिक पेशी हे अवशेष टिपतात, जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तेथील टी-पेशींना दाखवतात. त्या प्रथिनांत विषाणूची असतात, तशीच कर्करोगपेशीची विकृत प्रथिनेही असतात. विषाणूच्या निमित्ताने सिद्ध झालेल्या टी-पेशींपैकी काही त्या विकृत प्रथिनांना लक्ष्य करू लागतात आणि रक्तप्रवाहातून शरीरभर हिंडत, जेथे विषाणू पोहोचलाच नाही अशा गाठींपर्यंतही जातात.

हे केवळ तर्काचे चित्र नाही. टी-व्हेकच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत, ज्या गाठींत विषाणू टोचला होता त्यांपैकी ६४ टक्के गाठी निम्म्याने किंवा त्याहून अधिक आक्रसल्या. ज्यांत तो टोचला नव्हता अशा, आंतरिक अवयवांबाहेरील गाठींपैकी ३४ टक्के, तर यकृत-फुप्फुसासारख्या अवयवांतील गाठींपैकी १५ टक्के गाठींत असाच बदल दिसला. न टोचलेल्या गाठींनी दिलेला हा प्रतिसाद प्रतिकार यंत्रणा जागृत झाल्याचा पुरावा मानला जातो. त्याच वेळी ६४ वरून १५ पर्यंत होणारी उतरण या जागृतीच्या मर्यादाही दाखवते.

आकड्यांचे वाचन

या विषयावरील लोकप्रिय लेखनात 'कर्करोग बरा करणारा विषाणू' असे शीर्षक सर्रास आढळते. वैद्यकीय परिभाषेत तीन गोष्टी वेगळ्या आहेत : गाठ लहान होणे, रुग्णाचे आयुष्य वाढणे आणि रोग समूळ जाणे. पहिलीला 'प्रतिसाद' म्हणतात. मराठीत 'गुण येणे', 'उतार पडणे' आणि 'बरे होणे' असे भेद करणारे शब्द पूर्वापार आहेत. त्यांची सरमिसळ झाली की रुग्णाची फसगत होते, मग तसा हेतू कोणाचा असो वा नसो.

उपरोक्त चाचणीत ४३६ रुग्ण होते. टी-व्हेक मिळालेल्यांपैकी १६.३ टक्के रुग्णांत सहा महिने वा अधिक टिकणारा प्रतिसाद दिसला. तुलनेसाठी केवळ जीएम-सीएसएफ दिलेल्या गटात हे प्रमाण २.१ टक्के होते. दृश्य रोग पूर्णतः नाहीसा झालेले रुग्ण १०.८ टक्के होते. मध्यमान आयुष्य पहिल्या गटात २३.३ महिने, तर दुसऱ्यात १८.९ महिने भरले. पण हा फरक संख्याशास्त्राच्या रूढ निकषाला निसटता उणा पडला. म्हणजे प्रतिसाद निःसंशय, काही रुग्णांत तो अत्यंत उल्लेखनीय, आणि आयुर्वृद्धीचा पुरावा मात्र काठावरचा, असे हे फलित आहे. थंडी, ताप, थकवा, मळमळ हे दुष्परिणाम बहुधा सौम्य असले, तरी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशांना व गर्भवती स्त्रियांना हा जिवंत विषाणू देता येत नाही.

पुढील वाटचालीतही आशा आणि निराशा यांची सोबत सुटत नाही. टी-पेशींना लावलेले लगाम सैल करणाऱ्या औषधांच्या मूलभूत शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूने टी-पेशींना जागे करावे आणि या औषधाने त्यांचा लगाम सोडावा, ही जोडी स्वाभाविक वाटली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २१ रुग्णांच्या अभ्यासात ६२ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. परंतु ६९२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, केवळ पेम्ब्रोलिझुमॅब देण्यापेक्षा ही जोडी सरस ठरल्याचे सिद्ध झाले नाही. यकृताच्या कर्करोगासाठी व्हॅक्सिनिया विषाणूपासून घडवलेल्या पेक्सा-व्हेकची ४५९ रुग्णांवरील चाचणीही २०१९ मध्ये अपयशी ठरली.

याउलट काही वार्ता आश्वासक आहेत. जपानमध्ये तोमोकी तोदो यांनी विकसित केलेल्या, हर्पिस विषाणूवर तीन जनुकीय बदल केलेल्या औषधाला मेंदूच्या घातक गाठींसाठी जून २०२१ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीतील १९ रुग्णांपैकी ८४.२ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पोलिओच्या सौम्य विषाणूत सर्दीच्या विषाणूचा अंश जोडून तयार केलेला संकरित विषाणू ६१ रुग्णांना दिला गेला. तीन वर्षांनंतर २१ टक्के रुग्ण हयात असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे दोन्ही अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटवारीचे नव्हते. वर दिलेल्या २१ आणि ६९२ या आकड्यांतील अंतर लक्षात घेता, अशा फलितांकडे आदराने पण सावधपणे पाहणे प्राप्त आहे.

मान्यतेची मोहोर हीदेखील अंतिम प्रमाण नसते. लाटव्हियामध्ये २००४ साली 'रिगव्हिर' या, जनुकीय बदल न केलेल्या एको-७ विषाणूच्या औषधाची नोंदणी झाली. मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे पाठबळ नसतानाही त्याचा प्रसार देशाबाहेर झाला. २०१९ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत विषाणूचे प्रमाण घोषित प्रमाणापेक्षा पुष्कळच कमी आढळले आणि त्याचे वितरण थांबवण्यात आले. हताश कुटुंबे आशेच्या शोधात किती दूर जाऊ शकतात, याचा विचार अशा प्रसंगी अटळ होतो.

भारतीय संदर्भ

मेलानोमा हा भारतात तुलनेने विरळ कर्करोग आहे. येथे तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो. यांपैकी शेवटचा स्वतः विषाणूजन्य आहे, ही या विषयातील एक विलक्षण गुंतागुंत. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू व हा कर्करोग यांचे नाते उलगडल्याबद्दल हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या त्यावरील लशीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. ही लस प्रतिबंधक आहे; झालेला कर्करोग ती बरा करत नाही.

उपचाराच्या क्षेत्रात मुंबईतून झालेले एक कार्य येथे नोंदवण्याजोगे आहे. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि त्यांच्या सहयोगातून उभी राहिलेली इम्युनोॲक्ट ही संस्था यांनी विकसित केलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर काढून त्यांत नवे जनुक बसवले जाते आणि ते वाहून नेण्याचे काम निरुपद्रवी केलेला लेंटिव्हायरस करतो. येथे विषाणू गाठीवर चालून जात नाही. तो केवळ निरोप्याचे काम करतो. तरीही परिवर्तित विषाणूच्या साह्याने प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभे करण्याचे तत्त्व समान आहे.

समारोप

परिवर्तित विषाणू हा चमत्कार नव्हे आणि भ्रमही नव्हे. तो काही कर्करोगांत, काही रुग्णांना, मोजता येण्याजोगा लाभ देतो. कोणाला तो लाभ होईल हे आधी सांगण्याची विद्या मात्र अद्याप अपुरी आहे. अशा स्थितीत रुग्णापुढे ठेवले जाणारे संमतिपत्र कळीचे ठरते. 'तुमच्या शरीरात जिवंत विषाणू टोचला जाईल. तो दुर्बल केलेला आहे. त्याने गाठ लहान होऊ शकेल, कदाचित होणार नाही. आयुष्य वाढेलच अशी हमी नाही,' एवढे जर रुग्णाच्या मातृभाषेत, त्याला उमगेल अशा शब्दांत सांगितले गेले नाही, तर त्याची स्वाक्षरी ही संमती ठरत नाही. १९६३ च्या त्या २२ रुग्णांना नाकारला गेला होता तो हाच अधिकार.

म्हणून मराठीत विज्ञानाची परिभाषा घडवणे हे केवळ कोशकारांचे काम राहत नाही. 'प्रतिसाद' आणि 'बरे होणे' यांतील अंतर जी भाषा स्पष्टपणे सांगू शकते, ती रुग्णाला निर्णयाचे स्वातंत्र्य देते. विषाणूला विषाच्या पलीकडचा अर्थ वैद्यकाने मिळवून दिला. तो अर्थ फुगवून वा झाकून न ठेवता रुग्णापर्यंत पोहोचवण्याचे दायित्व भाषेचे आहे.